माती परीक्षण आणि भाताची खतं: कार्डावरचे आकडे खाचरात कसे उतरवायचे?

तरवा | ८ मे, रात्री १०:१२

मंडळी, शेतीवाल्यांची मदत हवी आहे.

गाव लांजा तालुक्यात. मी डोंबिवलीत, शेती आईबाबा बघतात. मी लावणीला जातो आणि चिखलात उभा राहून सल्ले देतो, असं आईचं म्हणणं. भाताची जमीन एकूण वीस गुंठे: गोठ्याच्या खालच्या अंगाला बारा गुंठ्यांचा मळा, आणि वर उतारावर आठ गुंठ्यांत पाच कुणगे (छोटी खाचरं).

खताचा हिशोब बाबांच्या डोक्यात पक्का आहे. सुफला या मिश्र खताची (१५:१५:१५, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश प्रत्येकी १५ टक्के) एक गोणी, युरियाची एक गोणी. सुफला लावणीला, युरिया बेणणीनंतर (तण काढल्यावर). मळा आणि कुणगे असा भेद नाही, हाताला येईल तसं फेकायचं.

आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. पण गावात सात-आठ जणांची कार्डं एकत्र ठेवून बघितली तर सगळ्यांवर तेच आकडे! दशांशासकट. म्हणून या वर्षी मी स्वतः मळ्याची आणि कुणग्यांची माती वेगवेगळी काढून तपासायला दिली. अहवाल असा आलाय:

वरचे कुणगे: सामू ५.२, क्षारता ०.०६, सेंद्रिय कर्ब ०.९४ टक्के, स्फुरद ६, पालाश ९८, जस्त ०.७, लोह ५२.
खालचा मळा: सामू ५.७, क्षारता ०.०९, सेंद्रिय कर्ब १.३८ टक्के, स्फुरद १२, पालाश २९०, जस्त ०.९, लोह ६१.

(सामू म्हणजे पीएच, नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश. स्फुरद-पालाश किलो प्रति हेक्टर, जस्त-लोह पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग.)

खाली एकच ओळ आहे: 'शिफारशीनुसार खते द्यावीत.' कोणती शिफारस, किती, कधी, काही नाही. कर्ब 'अत्यंत जास्त' म्हणजे युरिया बंद करायचा का? लोह ६१ ही भानगड काय? आणि बाबांना पटेल असं एका कागदावर मावणारं उत्तर मिळेल का?

---

पेज_आणि_लोणचं | ८ मे, रात्री १०:५०

ह्यां सगळां माझ्या बापाशीक सांगलंय तर तो माका म्हणतलो, "जमनीक काय ताप इलो हा, म्हणान रगात तपासूक दितंस?"

वाचतोय. आमचीही तीच रड.

---

परीक्षानळी | ९ मे, सकाळी ७:०५

माती प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो.

आधी कार्डं सारखी का ते. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगढला सुरू झाली. त्यात नमुना प्रत्येक शेतकऱ्याचा घेत नाहीत, चौकटीचा घेतात. बागायतीला २.५ हेक्टरला एक नमुना, जिरायतीला १० हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे हजार गुंठे. पंजाबात त्यात दोन-तीन शेतकरी बसतील, लांज्यात अख्खी वाडी बसते, वर टेकडीचा कातळ आणि खाली ओहोळाकाठचा मळा धरून. त्या चौकटीतल्या सगळ्यांना एकाच पिशवीतल्या मातीचे आकडे मिळतात. यात फसवणूक नाही, योजनेची रचनाच तशी आहे. गावाच्या जमिनीचा अंदाज घ्यायला ते कार्ड उपयोगी, पण तुमच्या कुणग्यात किती पोटॅश टाकायचं ते त्यावरून ठरवू नका. तुम्ही दोन वेगळे नमुने दिलेत हे उत्तम केलंत. फरक बघा ना, पालाश ९८ आणि २९०. मध्ये दोन बांध आणि एक गोठा. गोठ्याचं सगळं पाणी मळ्यात उतरत असणार.

आता कर्ब. सेंद्रिय कर्ब ०.७५ टक्क्यांच्या वर गेला की तक्त्यात 'जास्त' म्हणतात आणि नत्र २५ टक्के कमी करायला सांगतात. हा तक्ता देशभरासाठी आहे. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत कर्ब मुळातच जास्त निघतो, कारण पालापाचोळा भरपूर आणि माती आम्ल, त्यामुळे कुजण्याचं काम सावकाश. कर्ब आहे याचा अर्थ त्यातलं नत्र जुलैत रोपाला मिळेल असा होत नाही. वर आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, जे सुटतं तेही धुऊन जातं. काही ठिकाणी नत्र वेगळं मोजतच नाहीत, कर्बाच्या आकड्यावरून काढून लिहितात. म्हणून अहवालात कर्ब जास्त दिसला तरी कोकणात भाताचा युरिया डोळे मिटून कापू नये. मळ्यात थोडा हात आखडता घेता येईल, पण ते पिकाकडे बघून.

स्फुरद. आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. तुमचे ६ आणि १२ हे आकडे आपल्याकडे नेहमीचे. १० च्या खाली कमी, १० ते २५ मध्यम. एक विचारून घ्या: स्फुरद ओल्सन पद्धतीने काढलाय की ब्रे पद्धतीने? सामू साडेपाचच्या आसपास असेल तर ब्रे बरी. ओल्सन मूळ चुनखडीच्या, विम्ल (आम्लाच्या उलट, सामू जास्त असलेल्या) जमिनींसाठी. सगळीकडे तीच वापरायची सवय पडली आहे.

पालाश १२० च्या खाली कमी, २८० च्या वर जास्त. तेव्हा कुणगे उपाशी, मळा भरल्यापोटी.

लोहाचं दुपारी लिहितो. नातीला शाळेत सोडायचंय.

---

भिडस्त | ९ मे, सकाळी ११:३०

नळीकाका, मुद्दाम वाकडं विचारतो. मी एकाच पिशवीतली माती दोन भाग करून दोन ठिकाणी दिली होती. एकीकडे पालाश १४०, दुसरीकडे ३१०. एका अहवालाने पोटॅश घाला, दुसऱ्याने घालू नका. यावर विश्वास कोणी आणि का ठेवायचा? शिवाय आमच्या भागात माती न काढताच कार्डं छापली गेली असं लोक उघड बोलतात.

---

परीक्षानळी | ९ मे, दुपारी ३:१०

भिडस्त, कार्ड छापण्याबद्दल जे ऐकता ते सगळंच खोटं नाही, एवढंच म्हणतो.

दोन अहवालांबद्दल. सामू ०.२ ने, कर्ब ०.१ ने इकडेतिकडे झाला तर सोडून द्या, तेवढं चालायचंच. पालाश दुप्पट येणं मात्र चालत नाही. एक तर कुठल्या तरी यंत्राची नीट जुळणी झालेली नव्हती, नाहीतर माती दोन भाग करण्याआधी पुरती मिसळली नव्हती. माझ्या अनुभवात दुसरं जास्त. एक ढेकूळ राखेचं असेल आणि ते एकाच पिशवीत गेलं की संपलं.

म्हणून नमुना. प्रयोगशाळा पिशवीतल्या चमचाभर मातीची तपासणी करते, शेताची नाही. एप्रिल-मे मध्ये, खत टाकायच्या आधी, एका सारख्या दिसणाऱ्या तुकड्यातून नागमोडी चालत दहा-पंधरा जागा घ्यायच्या. वरचा कचरा हाताने बाजूला करायचा, खरवडायचा नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा, आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खाप काढायची. सगळ्या खापा प्लॅस्टिकच्या घमेल्यात. ढेकळं फोडून गोणपाटावर पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. खताची रिकामी गोणी चुकूनही वापरू नका. लोकं नेमकं तेच करतात आणि मग स्फुरद आभाळाला टेकतो.

कोकणापुरती वेगळी काळजी: जिथे भाजावळ केली असेल, म्हणजे दाढीचा (रोपं तयार करायच्या जागेचा) राब (पालापाचोळा) भाजला असेल, ती जागा पूर्ण वगळा. राखेमुळे तिथला पालाश आणि सामू दोन्ही फुगलेले असतात. उकिरड्याची जागा, उन्हाळ्यात गुरं बांधतात ती जागा, मेंढ्या बसवलेला तुकडा, वारूळ, बांधावरच्या आंब्याची सावली, मेरेलगतचा (बांधालगतचा) हातभर पट्टा, हे सगळं सोडायचं. तीन वर्षांतून एकदा नमुना पुरे, फक्त दर वेळी त्याच दिवसांत काढा.

---

तरवा | ९ मे, दुपारी ४:००

राबाची जागा! कुणग्यांतला एक आमची दाढीची जागाच आहे. सुदैवाने तिथे बाबांनी खणू दिलं नव्हतं, "तिथली माती चांगली आहे, ती कशाला तपासतोस" म्हणून.

---

रानहळद | ९ मे, रात्री ९:२०

मी कर्जतची. आमच्या बचत गटातल्या बायका ब्रिकेटवर (खताच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर) भात घेतात, तो अनुभव लिहिते, कारण या धाग्यात सगळे 'किती' वर अडकलेत, 'कुठे' वर कोणी येत नाहीये.

तरवादादा, तुझे कुणगे एकाखाली एक आहेत ना? पाणी वरच्यातून खालच्यात सुटतं. जुलैत युरिया फेकलास आणि रात्री मुसळधार आली की तुझा युरिया खालच्या भावकीच्या शेतात. तुझ्या खर्चात त्यांचं भात काळंभोर, आणि तू म्हणणार माझी जमीन हलकी.

युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांची गोळी मातीत खोचली की हे टळतं. डॉ. ना. कृ. सावंतांची चारसूत्री पद्धत इथल्या पट्ट्यात जुन्या लोकांना माहीत आहे. भाताच्या तुसाची राख दाढीत आणि पेंढा शेतात, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, ठरावीक अंतराची जोडओळ लावणी आणि ब्रिकेट. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून. चार चुडांचा छोटा चौकोन होतो, त्याच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला ६२५ गोळ्या, वजनाने पावणेदोन किलोच्या आत. हेक्टरी हिशोब केला तर साधारण ५७ किलो नत्र आणि २९ किलो स्फुरद. शंभर किलो नत्र फेकण्याऐवजी एवढ्यावर भागतं, कारण ते वाहून जात नाही आणि हवेतही जात नाही. चिखलाच्या आतल्या थरात हवा नसते, तिथे अमोनियम अमोनियमच राहतं.

कष्टाचं खरं सांगते. ओणवं राहून गोळी खोचायची, अंगठा आणि पहिली दोन बोटं चिखलात मनगटाच्या अलीकडेपर्यंत जातात. पहिल्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापता येत नाही. आणि गोळी हातात भिजली की विरघळायला लागते, म्हणून कमरेला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागते. मजुरीवर करून घेणार असाल तर माणसं टाळतात, वाटेत चार-चार एकाच भोकात टाकून मोकळी होतात. घरचं माणूस असेल तरच.

पालाश यात नसतं हे लक्षात ठेव. तुझ्या कुणग्यांना तेच कमी आहे, ते वेगळं द्यावं लागेल.

---

शेणखतवाला | १० मे, सकाळी ८:१५

एवढा हिशोब कशाला? दोन गाई ठेवा, शेणखत घाला, जमीन स्वतःच सगळं देते. आमच्या आज्याने कधी युरिया पाहिला नव्हता.

---

परीक्षानळी | १० मे, सकाळी ९:४०

शेणखत घालाच, कोणी नको म्हटलंय? पण त्याचाही हिशोब असतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. टनाला ५ किलो. वीस गुंठ्यांना २० किलो नत्र लागतं म्हणजे चार टन, आणि त्यातलं पहिल्या पावसाळ्यात रोपाला मिळतं ते थोडंच. आज्याच्या काळी जाती उंच, उत्पन्न कमी, नत्र वाढवलं की आडव्या पडायच्या. आज रत्नागिरी किंवा कर्जतच्या जातींकडून आपण दुप्पट दाणे मागतो. दाण्यातून जे घराबाहेर जातं ते परत द्यावं लागणार.

आणि पेंढ्याकडे बघा. भात जेवढा पालाश उचलतं त्यातला सुमारे ऐंशी टक्के पेंढ्यात राहतो. उडवी (पेंढ्याची रास) विकली की शेतातलं पोटॅश टेम्पोत बसून गेलं. पेंढा घरच्याच गुरांनी खाल्ला आणि शेण परत त्याच शेतात आलं तर वर्तुळ पुरं होतं. तरवांच्या घरी ते वर्तुळ पुरं होतंय, फक्त मळ्यापुरतं. कुणग्यांचा पेंढा गोठ्यात येतो आणि शेणाचं पाणी मळ्यात उतरतं. वर्षानुवर्षं वरचा पालाश खाली चाललाय. शेणखताच्या पाट्या वर चढवायला कोणाला आवडत नाही, हे खरं कारण.

आता राहिलेलं लोह. परीक्षणात ४.५ पीपीएमच्या वर पुरेसं समजतात, जांभ्यात ५०-६० सहज निघतं. हे कोरड्या मातीचे आकडे. भाताचं वेगळेपण असं की शेतात पाणी उभं राहिलं की दोन-तीन आठवड्यांत मातीची रसायनं बदलतात. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत श्रीलंकेच्या पोन्नांपेरुमांनी यावर आयुष्य घातलं. हवा संपते, तांबडं लोह विरघळणाऱ्या रूपात येतं, त्याने धरलेला स्फुरदही सुटतो, आणि आम्ल मातीचा सामू आपोआप साडेसहाच्या दिशेने चढतो. म्हणून ५.२ सामू बघून भातासाठी चुन्याच्या गोणी आणू नका. रब्बीत तिथे वाल, कुळीथ किंवा भुईमूग घेणार असाल तर चुन्याचा विचार करा, तेव्हा पाणी नसतं आणि आम्लता खरी बोचते.

लोह जास्त सुटलं तर खालच्या जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात, पान तांबूस होतं, मुळं गंजल्यासारखी. पाझराच्या जागी, डोंगराच्या पायथ्याच्या खाचरात दिसतं. तसं दिसलं तर काही दिवस पाणी काढून शेत हवेवर आणायचं. पालाश कमी असलेल्या रोपाला हा त्रास जास्त होतो.

---

उघाडी | १० मे, दुपारी १२:०५

पेण तालुक्यातून, खारेपाटातून (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतून) नोंद. आमच्याकडे उलटं. आमचा पालाश परीक्षणात कायम 'अत्यंत जास्त', कारण समुद्राच्या पाण्याबरोबर येतोच. तरी दुकानदार गोणीभर मिश्र खत गळ्यात मारतो, त्यातला पोटॅशचा पैसा सरळ खाडीत.

आम्ही पहिल्यांदा बघतो तो क्षारतेचा आकडा. मे महिन्यात नमुना काढला तर तो भयंकर दिसतो, घाबरून जायचं नसतं. जूनचे पहिले तीन-चार मोठे पाऊस शेतात अडवायचे, उघाडीतून (बांधाच्या दारातून) सोडून द्यायचे, पुन्हा अडवायचे. मीठ धुतलं जातं, मग लावणी. जात पनवेल १, २ किंवा ३, खार जमीन संशोधन केंद्राच्या. बांध फुटून भरतीचं पाणी आत आलं त्या वर्षी मात्र माती परीक्षण, खत, सगळं बाजूला. तिथे बांधबंदिस्ती हेच खत.

---

मानशीकडे | १० मे, दुपारी १:३०

उघाडींना +१. गोव्यात आमच्या खाजनांची (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांची) हीच गत. मोरड, खेर आणि खाजन असे तीन तऱ्हेचे भाताचे पट्टे एका गावात असू शकतात आणि तिन्हींना एकच खत घालतात. मानस (बांधातलं पाण्याचं दार) नीट राखली तर खाजनात कोरगुट भात खताशिवायही बरं येतं.

---

सिहार_मोरांड | १० मे, रात्री ८:४५

राम राम. साकोली, जिल्हा भंडारा. धाग्यात विदर्भ नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे बांधीतल्या (धानाच्या खाचरातल्या) मातीला नावं आहेत, कन्हार, मोरांड, खरडी, सिहार. म्हातारा माणूस पायाखाली माती घेऊन सांगते कुठं धान भारी येते. प्रयोगशाळेचे आकडे पाहिले तर तो बहुतेक बरोबर असते, फक्त त्याले जस्त दिसत नाही.

आमचा रोग जस्ताचा. कन्हारीत (भारी काळ्या मातीत) सामू साडेसातच्या वर, पाणी सतत उभं, वरून दरवर्षी डीएपी. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत पानावर गंजासारखे डाग, वाढ थांबते, बांधी ठिगळ लावल्यासारखी दिसते. याला खैरा म्हणतात. पंतनगरला डॉ. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवलं की हा रोगजंतूचा खेळ नाही, जस्ताची कमी आहे. तोवर लोक औषधं फवारत होते. अजूनही फवारतात! कृषी केंद्रात डाग दाखवले की पहिली बाटली बुरशीनाशकाची निघते.

परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असलं तर चिखलणीले एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटसोबत एका घमेल्यात मिसळू नका, दोन्ही बसून जातात. एक वेळ टाकलं की दोन-तीन हंगाम पाहायची गरज नाही.

तरवा भाऊंचं जस्त ०.७ आणि ०.९, काठावर आहे. आत्ता नका टाकू, पण लक्ष ठेवा.

आणि युरिया जास्त झाला की आमच्याकडे तुडतुडे (कीड) आणि कडाकरपा (रोग). हिरवंगार धान पाहून छाती फुगते, ऑक्टोबरात बांधीच्या मधोमध गोल जळालेलं दिसते. युरिया स्वस्त, ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैसे, म्हणून हात सैल सुटते.

---

गोणीफोड | ११ मे, सकाळी ६:५०

तरवा, तुम्ही बाबांसाठी एक कागद मागितला होता. मी आकडेमोड करून देतो, नळीकाकांनी तपासावी.

कोकणात सुधारित भाताला शिफारस हेक्टरी १०० नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. गुंठ्याला म्हणजे १ किलो, अर्धा, अर्धा. इतकं सोपं गणित दुसऱ्या पिकात नाही.

बाबा आत्ता काय देतात: सुफला ५० किलोतून साडेसात-साडेसात-साडेसात. युरिया ४५ किलोतून २०.७ नत्र. वीस गुंठ्यांना एकूण २८ किलो नत्र, साडेसात स्फुरद, साडेसात पालाश. हवं होतं २०, १०, १०. नत्र चाळीस टक्के जास्त, बाकी दोन्ही पाव हिश्श्याने कमी.

परीक्षणाप्रमाणे, कमी असेल तिथे २५ टक्के वाढवायचं, जास्त असेल तिथे २५ टक्के कमी, हा नियम धरला (नत्र सोडून, ते काकांच्या सल्ल्याप्रमाणे कापलं नाही) तर:

कुणगे, ८ गुंठे: नत्र ८, स्फुरद ५, पालाश ५ किलो.
मळा, १२ गुंठे: नत्र १२, स्फुरद ६, पालाश साडेचार किलो.

सुफलातूनच करायचं तर कुणग्यांना ३३ किलो सुफला आणि साडेसहा किलो युरिया. मळ्याला ३० किलो सुफला, ९ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १६ किलो युरिया. युरिया एकूण अर्धी गोणी.

---

परीक्षानळी | ११ मे, सकाळी ९:१५

गणित बरोबर. पण एक खोच आहे. सुफला लावणीलाच जाणार. म्हणजे कुणग्यांचं ८ पैकी ५ किलो नत्र पहिल्याच दिवशी, कोवळ्या रोपाला मुळं धरायच्या आत, जुलैच्या पावसात. नत्र ४० टक्के लावणीला, ४० फुटव्याच्या वेळी, २० लोंबी निसवायच्या सुमारास द्यावं अशी विभागणी आहे. ती सुफलात बसत नाही. म्हणून उतारावरच्या खाचराला मी सरळ खतं (मिश्र नव्हे, सुटी) सांगेन. सुपर फॉस्फेटमधून गंधक आणि कॅल्शियमही मिळतं, आपल्या आम्ल मातीला ते चांगलंच.

कुणगे: सुपर फॉस्फेट ३१ किलो, पोटॅश (म्युरेट ऑफ पोटॅश हे खत) ८ किलो, युरिया साडेसतरा किलो (७, ७, साडेतीन).
मळा: सुपर फॉस्फेट साडेसदतीस किलो, पोटॅश साडेसात किलो, युरिया २६ किलो (साडेदहा, साडेदहा, पाच).

सुपर फॉस्फेट सगळं शेवटच्या चिखलणीला. कुणग्यांचं पोटॅश एकदम नको, जांभ्याची माती ते धरून ठेवत नाही. अर्धं लावणीला, अर्धं दुसऱ्या युरियाबरोबर. युरिया टाकताना पाणी काढून घ्यायचं, एक दिवसाने पुन्हा बांधायचं.

मळ्यातला शेवटचा पाच किलोचा हप्ता पान बघून. पर्णरंग तक्ता मिळतो, हिरव्या छटांच्या पट्ट्या असलेली प्लॅस्टिकची पट्टी. लावणीनंतर पंधरा दिवसांनी सुरुवात करायची, आठ-दहा दिवसांनी एकदा, दहा रोपांचं वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवायचं, आपल्या अंगाच्या सावलीत. सहा किंवा जास्त पानं चार नंबरच्या पट्टीपेक्षा फिकी असतील तरच युरिया. तुमच्या मळ्यात कर्ब १.३८ आहे, तो काही देतो की नुसता अहवालात दिसतो, हे त्या पट्टीवरच कळेल.

---

तरवा | ११ मे, रात्री ११:०२

काका, बेरीज केली तर युरिया साडेत्रेचाळीस किलो. म्हणजे बाबांची एक गोणी शाबूत! फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय वेगळं करत होतो?" सुफला सोडायचा आणि युरिया तीन वेळा द्यायचा, यावर मात्र दहा मिनिटं वाद. शेवटी आई म्हणाली, कुणग्यांतले दोन नवीन कागदाप्रमाणे, दोन जुन्या पद्धतीने, आणि झोडणी वेगवेगळी करून मोजायची. राबाचा कुणगा यातून बाहेर. बाबा तयार झाले, कारण त्यांना जिंकायची खात्री आहे.

नवीन अडचण: पोटॅश मला लागतं पंधरा-सोळा किलो. दुकानदार ५० किलोची गोणी फोडत नाही. युरिया हवा असेल तर सोबत एक द्रवखताची बाटली घ्यावी लागेल असंही म्हणाला.

---

रानहळद | ११ मे, रात्री ११:२०

बाटली घेऊ नकोस. पक्की पावती माग आणि लिंकिंगची (अशा सक्तीच्या जोडविक्रीची) तक्रार तालुका कृषी कार्यालयात लेखी दे. नुसतं लेखी देतो म्हटलं तरी बऱ्याचदा बाटली परत फडताळात जाते. आणि गिरिपुष्पाच्या फांद्या आत्ताच बघून ठेव, गुंठ्याला तीस किलो पाला लागतो, चिखलणीच्या आधी आठवडाभर पसरायचा. बांधावर नसेल तर या पावसाळ्यात खुंट लाव.

---

गोणीफोड | १२ मे, सकाळी ७:३०

पोटॅशची एक गोणी तीन घरांत घ्या. वाडीत तुमच्यासारखेच वीस-वीस गुंठेवाले असणार. फक्त त्यांचे आकडे तुमच्या कागदावरून घेऊ नका, त्यांचीही माती काढा. मे संपायला अजून दिवस आहेत.

---

तरवा | १२ मे, सकाळी ८:०५

दोन चुलते तयार आहेत. शनिवारी गावी जातोय, प्लॅस्टिकचं घमेलं घेऊन. काका, वाटून घेतलेलं पोटॅश लावणीपर्यंत ठेवायचं कशात? माळ्यावर दमट होतं सगळं.

---

परीक्षानळी | १२ मे, सकाळी ८:४०

झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, जमिनीपासून उंच. पत्र्याचा डबा नको, गंजतो. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. तांबडं पोटॅश आणि पांढरं पोटॅश दोन्ही येतं, पांढरं असलं की घरात कोणीतरी मीठ समजतं.